आतल्या पट्टीचा धागा

रफूला लागणारा धागा बाजारात मिळत नाही. तो त्याच कपड्यातून काढावा लागतो. आत दुमडलेली पट्टी असते ना, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथून. कपड्याच्या पोटातलं काढून त्याच्याच पाठीला लावायचं.

*

पुदिन्याच्या गोळीचा कागद दुमडत गेलं की शेवटी मुगाच्या दाण्याएवढा होतो. त्यापुढे दुमडत नाही.

*

माणूस एकदा वाढला की त्याच्या दोन डोळ्यांमधलं अंतर बदलत नाही. नंबर बदलतो, काचा बदलतात, अंतर तेच.

*

कसरीची कीड नव्या लोकरीला फारशी शिवत नाही. अंगावर वापरलेली लोकर तिला आवडते.

*

"दुसऱ्याचं घर आहे ते. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं नसतं."

*

लांब बाह्या आखूड करता येतात. आखूड केलेल्या लांब करता येत नाहीत.

*

तर बाबा गेले, आणि दुकान महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं ठरलं.

दुकान म्हणजे काय, किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि बूट दुरुस्त करणाऱ्याच्या मधली एक चिंचोळी खोली. एक माणूस बसला की दुसऱ्याने उभं राहायचं. समोर एकच खिडकी, तीही उत्तरेची, कारण रफूला ऊन चालत नाही, उजेड लागतो. त्या खिडकीशी बाबा आयुष्यभर मान वाकवून बसले. लोक त्यांना रफूकाका म्हणायचे. लोकांच्या जळालेल्या, फाटलेल्या, कसरीने खाल्लेल्या कपड्यांना त्यांनी असं रफू केलं की भोक कुठे होतं हे मालकालाही सांगता येऊ नये.

बाबा राहायचे दादाकडे. घरातलं त्यांचं सामान दादाने आवरायला घेतलं. दुकानाचं नाव निघालं तेव्हा बारकी म्हणाली, "दुकान मी बघते. तुम्ही काय काय करणार."

हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू उपकार करते आहे. खरं कारण वेगळं होतं आणि ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या आजारपणात ती दोनदा आली होती, आणि दोन्ही वेळा परतीची गाडी आधी ठरवून.

बारकी म्हणजे धाकटी. आता चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी नाव बारकीच. दुसऱ्या गावात चष्म्याच्या एका मोठ्या दुकानात ती डोळे तपासते. बाबांचे डोळे तिने कधी दुसऱ्या कुणाला तपासू दिले नाहीत. दर वर्षी नवा नंबर, नव्या काचा, जवळच्या कामासाठी वेगळा चष्मा. "बाबांच्या डोळ्यांचं सगळं मी बघते," असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

आवरायला वहिनी सोबत आली. तीन ढीग केले. गिऱ्हाइकांचे कपडे एकीकडे, ठेवायचं एकीकडे, टाकायचं एकीकडे. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कपड्याला आतून टाचणीने एक बिल्ला लावलेला, त्यावर आकडा. तोच आकडा असलेला दुसरा बिल्ला गिऱ्हाइकाकडे. काम सोपं होतं. वहिनी आकडे बघून कपडे लावत गेली आणि बारकी उरलेलं उपसत गेली. सुया. वाटीएवढं भिंग. तुटक्या चष्म्यांच्या दांड्या, या बाबांनी का जपून ठेवल्या होत्या कोण जाणे. बिनजोडीचा एक हातमोजा.

"याचा जोडीदार पळाला वाटतं," बारकी म्हणाली.

"पुरुषच असणार मग," वहिनी म्हणाली, आणि दोघी जरा हसल्या. हसल्यावर दोघींनाही कसंसं झालं, म्हणून वहिनी उठली. "चहा सांगून येते."

ती बाहेर गेली तेवढ्यात बारकीने टेबलाखालचा खण ओढला. आत एक राखाडी चिंधी होती. एके काळी तो कसला तरी कपडा असावा. कॉलर होती, खांदे होते, त्याखाली मात्र सगळ्या बाजूंनी उसवलेलं, धागे लोंबत होते. आत अस्तर शाबूत आणि वर लोकर नाही, असा प्रकार. सोललेल्या फळासारखा. बारकीने तो हातात घेऊन उलटासुलटा केला, आणि लोकर आहे म्हणून त्याने खिडकीची काच पुसली. छान निघाली काच. मग ती चिंधी टाकायच्या पोत्यात गेली. दाराशेजारच्या खिळ्याला एक सुटा बिल्ला लटकत होता. त्याचा कपडा काही दिसेना, म्हणून तोही पोत्यात गेला. कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर आली होती. बारकी धावत जाऊन पोतं टाकून आली. कामाची बाई होती ती, रेंगाळणारी नव्हे.

वहिनी चहा घेऊन आली. "काच काय लख्ख झाली गं. कशाने पुसलीस?"

"होती एक चिंधी."

वहिनीने उघडा खण पाहिला. मग पोत्याची रिकामी जागा पाहिली. कप खाली ठेवताना तिचा चहा थोडा सांडला.

आणि तेव्हाच बारकीने दार ढकललं. दारामागच्या खुंटीवर कोट होता.

काळसर, लांब, जाड लोकरीचा. मासळीच्या काट्यासारखी वीण. आत बिल्ला नाही. बारकीने त्याची कॉलर नाकाला लावली, आणि बाबा तिथे होते. पुदिना, खडूची भुकटी, इस्त्रीची वाफ, मानेवरचं तेल. बाबा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं. त्याची तिला भीतीही वाटायला लागली होती, की आपण आटलो की काय. आता तिने त्या कोटात तोंड खुपसलं आणि लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी रडली.

"वहिनी, बाबांचा कोट."

वहिनी काही तरी बोलणार होती. तोंड उघडलंही होतं तिने. मग रडणाऱ्या नणंदेकडे बघत ती म्हणाली, "असू दे. घे तू."

*

लहानपणी बारकीने एकदा दुकानात टांगलेला दुसऱ्या कुणाचा तरी लाल झगा घातला होता आणि आरशासमोर गिरक्या घेतल्या होत्या. बाबा मारकुटे नव्हते. त्यांनी तिला उभं केलं, झग्याची बटणं एकेक करून काढली, झगा परत इस्त्री केला, आणि घराचं आणि दाराचं ते वाक्य बोलले. त्यानंतर गिऱ्हाइकाचा कपडा तिने अंगाला लावला नाही.

*

कोट तिला मोठा होता. घोट्यापर्यंत यायचा, बाह्यांतून बोटंसुद्धा दिसायची नाहीत. आपल्या गावी गेल्यावर तिने कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून बाह्या आखूड करून घेतल्या. तो म्हणाला, "कापड भारी आहे. आत दुमडून ठेवू का? पुढेमागे सोडता येतील."

"नको, मनगटाशी जाड होईल. कापून टाका."

मग तिने तो घातला. कामावर घातला, बाजारात घातला. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं. "वडिलांचा आहे. थंडीच वाजत नाही यात." सोबत काम करणाऱ्या मुलींनी बाही चाचपून बघितली, डोळे पुसले. बारकीला बरं वाटलं. शोक आपल्यालाही झाला आहे याचा हा पुरावा होता, आणि तो अंगावर वागवता येत होता.

महिनाअखेरीला दादाने बाबांच्या ओळखीच्या माणसांना घरी बोलावलं. किल्लीवाला आला, बूटवाला आला, जुनी गिऱ्हाइकं आली. ज्याला बोलावंसं वाटेल त्याने दोन शब्द बोलायचे असं ठरलं. बारकी कोट घालूनच उभी राहिली. माणसांच्या गर्दीने खोलीत उकडत होतं, तरी.

"बाबांनी जन्मभर दुसऱ्यांचे कपडे सांभाळले," ती म्हणाली. "स्वतःसाठी हा एकच कोट. मी विचारलं होतं त्यांना, नवा का हो? म्हणाले, नवा कसला, येऊन जाऊन असतो. असे थट्टेखोर. आज तो माझ्याकडे आहे, आणि मला वाटतं बाबाच माझ्या खांद्यावर…"

पहिल्या रांगेत किल्लीवाल्याने मान खाली घातली. बूटवाला उगाच खोकला. दादा फरशीकडे बघत राहिला. केवढं दुःख झालंय सगळ्यांना, बारकीला वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला द्यायची होती. वहिनी त्याला बोलवायला गेली आणि बारकी रिकाम्या खोलीत कोटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. दारात एक माणूस आला. उंच, उंटासारखा, अंगात पातळ स्वेटर आणि हात काखेत.

"रफूकाका?"

"गेले," बारकी म्हणाली. "महिना झाला. मी त्यांची मुलगी."

तो चौकटीला धरून म्हणाला, "मी कालच उतरलो. जहाजावर स्वयंपाकी आहे मी. कुणी कळवणार तरी कुठे मला." त्याने स्वेटरच्या आतून एक बिल्ला काढला. "हा माझा आकडा. एक कोट होता."

बारकीने आकडा बघितला. बाबांचा सात वरून वाकलेला असायचा, म्हातारा काठी टेकतो तसा. असाच वाकडा सात तिने त्या दिवशी खिळ्यावरून काढून पोत्यात टाकला होता. ज्याला कपडा सापडला नव्हता तो बिल्ला.

"सगळं वाटून झालं," ती म्हणाली. "आता इथे काही उरलेलं नाही."

"लांब होता. काळसर, माशाच्या काट्यासारखी वीण…"

"हा माझ्या वडिलांचा आहे."

"मी कुठे काय म्हटलं, ताई," तो म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बारकीचे कान तापले. खिशातली मूठ घट्ट झाली.

त्याने पुन्हा कोटाकडे पाहिलं नाही. खिडकीकडे पाहत बोलत राहिला. अशी माणसं असतात, समोरच्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून बोलतात. "दर खेपेला मी तो इथे टांगून जायचो. आमचं जहाज गरम पाण्यात असतं, तिकडे कोटाचं काय काम. घरी कसर लागायची. काकाच म्हणाले, ठेव इथे, मी वारा देत जाईन. परत आलो की कोट तयार. आणि खिशात पुदिन्याच्या गोळ्यांचे कागद. एवढे एवढे दुमडलेले."

खिशाच्या शिवणीत बारकीच्या बोटांना काही तरी कडक लागलं. मुगाच्या दाण्याएवढं. पहिल्या दिवसापासून लागत होतं. तिला वाटायचं बटणाचा तुकडा असेल.

"मला काय, बरंच वाटायचं. नुसता टांगून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी अंगावर. पण मी एकदा मूर्खपणा केला. गंमत म्हणून गोळ्यांचं एक पाकीट खिशात ठेवून गेलो. परत आलो तर पाकीट तसंच, फोडलेलंसुद्धा नाही. आणि त्या वर्षी कागद एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना कळलं की मला कळलंय. ती अख्खी थंडी त्यांनी कोट घातलाच नाही. बूटवाला म्हणाला मला, पाय पोटाशी घेऊन बसायचे. फार लागलं ते मला. पुढच्या खेपेला टांगताना मी आपलं मोठ्याने म्हणालो, काका, खिसे मी वापरतच नाही हं, काही राहिलं असलं तरी मला पत्ता लागत नाही. त्यांनी भिंगावरून मान वर केली नाही. पण नंतर कागद सापडायला लागले परत."

त्याने बिल्ला स्वेटरच्या आत ठेवला. जायला वळला, आणि मग त्याने पहिल्यांदा तिच्या मनगटांकडे बघितलं.

"बाह्या बरोबर बसल्यात तुम्हाला," तो म्हणाला. "येतो ताई."

*

त्या क्षणी बारकीला जे आठवलं ते बाबा नव्हते. काल खोलीत उकडत असताना तिने ज्यांच्यासमोर भाषण केलं, ती पहिली रांग आठवली. किल्लीवाल्याला माहीत होतं. बूटवाल्याला माहीत होतं. दादाला. सगळ्या खोलीला माहीत होतं की म्हाताऱ्याला कोट नव्हता, आणि त्याची लेक दुसऱ्याचा कोट घालून, बाह्या कापून, त्याच्या थाटाच्या गोष्टी सांगते आहे. कुणी हसलं नव्हतं. हसले असते तर परवडलं असतं.

*

तो कोपऱ्यापर्यंत पोहोचला होता.

"अहो, थांबा." बारकी धावतच बटणं सोडत होती. "हा तुमचाच आहे."

"माहीत आहे."

"मी बाह्या कापल्या."

"दिसलं ते."

"आणि खोटं बोलले."

"तेही झालं," तो म्हणाला. "अहो, पण घाला तो, रस्त्यात गारठून जाल."

ती काढून उभी होती. हात पुढे, हातात कोट, दात वाजत होते. त्याने 'ठेवा तुम्हीच' म्हणावं असं तिला एका बाजूने वाटत होतं, आणि त्या वाटण्याची तिला वेगळी लाज वाटली. पण तो तसं म्हणाला नाही. थंडी होती आणि कोट त्याचा होता. त्याने तो घेतला, अंगात चढवला. बाह्या कोपराच्या थोड्या खाली संपल्या. खाली लांबलचक हाडकुळे हात.

त्याने ते हात पुढे करून बघितले. "स्वयंपाक्याला हेच बरं. पातेल्यात बुडायला नको."

मग त्याने खिसा उलटा केला, शिवणीतून ते दोन-तीन दुमडलेले कागद नखाने काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. "हे तुमचे."

*

दुकानात वहिनी परत आली होती. बारकी नुसत्या ब्लाउज-स्कर्टवर आत आली तशी वहिनीने काही न विचारता अंगावरची शाल सोडून तिच्यावर टाकली.

"आला होता तो?"

"तुला माहीत होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस? दादा का नाही बोलला? काल मला तसं उभं राहू दिलंत. माझं माकड झालं."

"तू रडत होतीस गं," वहिनी म्हणाली. "इतक्या दिवसांनी रडलीस. म्हटलं, दोन दिवस राहू दे, मग सांगू. तू कोट घेऊन निघून गेलीस. फोनवर असलं कसं सांगणार. काल आलीस तर बाह्या कापलेल्या. मग कुणाची छाती होणार?"

"त्यांना कोट नव्हता, वहिनी. आणि तुम्ही आणला नाहीत?"

"ह्यांनी आणला होता. दोनदा. दोन्ही वेळा परत करायला लावला. म्हणाले, आहे की मला एक." वहिनी टेबलाशी गेली आणि तिने तो रिकामा खण बाहेर ओढला. "इथे असायचा तो."

बारकीने खणाकडे बघितलं. मग खिडकीच्या लख्ख काचेकडे.

"राखाडी?" ती म्हणाली.

"राखाडी. काही कपड्यांना आत पट्टीच नसते, धागा काढायचा कुठून? बाबा मग आपल्या कोटातून काढायचे. राखाडी रंग कशातही मिसळतो म्हणायचे. आधी आतलं संपलं, मग खालचं, मग बाह्या. मी भांडले एकदा. शेवटचा मोठा तुकडा पाठीचा गेला तेव्हा विचारलं, एवढं कुणाचं अडलंय? तर म्हणाले, घरचं गिऱ्हाईक आहे, नाही कसं म्हणू."

"कोण घरचं?"

बाहेर मालकाची चाहूल लागली, म्हणून वहिनीने खण आत सारला आणि किल्ली पुढे केली.

बारकीने मूठ उघडली नाही. कागद तिथेच होते. तिने शालीच्या आत हात घेतला, आणि काचेतून येणाऱ्या त्या उत्तरेच्या उजेडात ती वहिनीच्या मागे उभी राहिली. आपलं तोंड कुणाला दिसू नये इतकंच तिला तेव्हा हवं होतं.

*

काही वर्षांपूर्वी बारकीच्या नवऱ्याचा राखाडी कोट शेगडीला लागून पाठीवर जळाला होता. त्याला आत पट्टी नव्हती. बाबांनी तो आठवड्याच्या आत परत दिला, आणि बारकीने खिडकीपाशी धरून, चष्मा लावून, भोक कुठे होतं ते शोधलं होतं, पण तिला ते सापडलं नाही.